शाश्वत नागरी नवोपक्रम आणि षड्यंत्र-सिद्धांत : कोल्हापूर शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

शहराच्या कारभारात नवी योजना आली की तिच्यामागोमाग शंकाही येते. रस्ता रुंद करायचा म्हटले की कोणाची जागा वाचणार आणि कोणाची जाणार याची चर्चा सुरू होते. नवा वीजमीटर बसला की तो जास्त पळतो असे सांगितले जाते. नदीला पूर आला की तो कोणीतरी आणला, अशी वाक्ये कानांवर पडतात. यांपैकी काही शंका पुढे खऱ्या ठरतात, काही खोट्या ठरतात आणि काही अशा असतात की त्या खऱ्या वा खोट्या ठरण्याची सोयच नसते. सार्वजनिक चर्चेत मात्र या तिन्हींना एकच नाव दिले जाते. शासनाच्या दृष्टीने ती ‘अफवा’ असते, तर विरोधकांच्या दृष्टीने ते ‘दडवलेले सत्य’ असते.

शाश्वत विकासाच्या नावाने येणाऱ्या नागरी नवोपक्रमांभोवती गेल्या दशकभरात जगभर षड्यंत्र-सिद्धांतांचे दाट जाळे विणले गेले आहे. या सिद्धांतांचे स्वरूप स्पष्ट करणे, कोल्हापूर शहर व परिसरातील काही प्रत्यक्ष प्रकरणांच्या आधारे रास्त संशय आणि षड्यंत्र-सिद्धांत यांतील भेद दाखविणे आणि हा भेद ओळखण्याचे निकष मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

आजच्या पिढीच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याची क्षमता धोक्यात येऊ नये, ही शाश्वत विकासाची कल्पना १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे सर्वत्र रूढ झाली. शहराच्या पातळीवर या कल्पनेला पाणी, वीज, वाहतूक, सांडपाणी, जमिनीचा वापर आणि या सर्वांसाठी लागणारा पैसा अशी मूर्त रूपे मिळतात. या क्षेत्रांत जुनी पद्धत सोडून नवी तांत्रिक, प्रशासकीय वा आर्थिक व्यवस्था स्वीकारणे म्हणजे शाश्वत नागरी नवोपक्रम होय. येथे ‘आर्थिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पैशाची जी व्यवस्था नागरिकांना मान्य होत नाही ती योजना तांत्रिकदृष्ट्या कितीही निर्दोष असली तरी टिकत नाही.

षड्यंत्र-सिद्धांताची चर्चा कार्ल पॉपर यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज’ या ग्रंथात केली. समाजात जे घडते ते कोणीतरी तसे घडावे अशी इच्छा धरली म्हणूनच घडते, या समजुतीवर त्यांचा आक्षेप होता. कट होतात हे त्यांनी नाकारले नाही. परंतु सामाजिक जीवनातील बहुतेक परिणाम हे अनेकांच्या अनेक कृतींतून उद्भवलेले आणि कोणीच न योजलेले असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. मायकेल बार्कुन या अमेरिकन अभ्यासकाने २००३ मध्ये या विचारपद्धतीची तीन लक्षणे सांगितली : योगायोगाने काहीच घडत नाही, जे दिसते तसे काहीच नसते आणि सर्व गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असतात. ही तिन्ही लक्षणे एकत्र आली की सिद्धांत बंदिस्त होतो. विरुद्ध पुरावा हाही मग कटाचाच भाग ठरतो.

म्हणजेच, षड्यंत्र-सिद्धांत हा त्यातील आरोपाच्या गांभीर्यावरून ओळखला जात नाही. तो तपासणीला सामोरा जातो की तपासणी टाळतो, यावरून तो ओळखावा लागतो.

ऐतिहासिक पूर्वपीठिका

नागरी सुधारणांविषयीचा संशय महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्यास सुरुवात होताच, तेथे माणसे मारली जातात, त्यांच्या देहांतून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढले जाते, अशा वार्ता पसरल्या. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुढील वर्षी पुण्यात प्लेग प्रतिबंधाच्या नावाखाली सैनिकांकरवी घरझडत्या झाल्या आणि त्या असंतोषातून जून १८९७ मध्ये रँड यांच्यावर हल्ला झाला.

या दोन शहरांतील लोकांच्या तक्रारी शेजारी ठेवून पाहिल्या असता एक गोष्ट लक्षात येते. देहांतून तेल काढले जाते ही वार्ता निराधार होती. घरझडतीत देवघरापर्यंत बूट घालून शिपाई शिरतात, स्त्रियांचा अवमान होतो, सामान जाळले जाते, या तक्रारी मात्र प्रत्यक्ष वर्तनाविषयी होत्या. तत्कालीन राज्यकर्त्यांनी या दोहोंना ‘अज्ञ जनतेची अंधश्रद्धा’ या एकाच सदरात घातले. परिणामी खऱ्या तक्रारीची दखल घेतली गेली नाही आणि खोट्या वार्तेचा प्रतिवादही कोणाला पटला नाही. खरी तक्रार आणि कल्पित कट यांची ही सरमिसळ आजच्या प्रकरणांतही पुन्हा पुन्हा आढळते.

जागतिक संदर्भ : अजेंडा २१ ते पंधरा मिनिटांचे शहर

१९९२ च्या रिओ वसुंधरा परिषदेत ‘अजेंडा २१’ हा कृती-आराखडा संमत झाला. तो कोणत्याही राष्ट्रावर कायद्याने बंधनकारक नव्हता. तरीही अमेरिकेत पुढील दोन दशकांत, हा आराखडा म्हणजे खासगी मालमत्ता नष्ट करण्याचा संयुक्त राष्ट्रसंघाचा कट आहे, अशी धारणा बळावली. २०१२ मध्ये अलाबामा राज्याने अजेंडा २१ शी निगडित धोरणांना प्रतिबंध करणारा कायदाही केला. सायकलमार्ग किंवा जमीनवापराचे साधे नियमही या वादात ओढले गेले.

याचीच पुढील आवृत्ती ‘पंधरा मिनिटांचे शहर’ या कल्पनेभोवती उभी राहिली. पॅरिस येथील प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये ही कल्पना मांडली. दुकान, शाळा, दवाखाना, बाग, शक्य तेथे कामाचे ठिकाणही घरापासून पायी वा सायकलने पंधरा मिनिटांच्या अंतरात असावे, एवढाच तिचा गाभा आहे. पॅरिसच्या महापौर ॲन हिदाल्गो यांनी २०२० च्या निवडणुकीत तिचा पुरस्कार केल्याने ती जगभर पोहोचली. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत वावरलेल्या माणसाला या कल्पनेत नवल वाटणार नाही. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, बुधवार पेठ यांची घडण अशीच आहे. तालीम, शाळा, देऊळ, दूधकट्टा आणि किराणा दुकान पायी अंतरावर, आणि भाजीसाठी कपिलतीर्थ मंडई फार दूर नाही.

ब्रिटनमधील ऑक्सफर्ड येथे मात्र या कल्पनेचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तेथील कौंटी परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये सहा रस्त्यांवर ठरावीक वेळेत मोटारींच्या वाहतुकीवर निर्बंध घालण्याची प्रायोगिक योजना मंजूर केली. कॅमेऱ्याद्वारे नोंद व नियमभंगास दंड अशी तिची पद्धत होती. शहरातील रहिवाशांना वर्षातील १०० दिवसांचे परवाने मिळणार होते आणि बाह्यवळण रस्त्याने कोठेही जाण्यास केव्हाही मोकळीक होती. दुसरीकडे, ऑक्सफर्ड नगरपरिषदेच्या वेगळ्या विकास आराखड्यात पंधरा मिनिटांच्या वस्त्यांचा उल्लेख होता. दोन स्वतंत्र संस्थांच्या या दोन स्वतंत्र योजना एकत्र जोडल्या गेल्या आणि ‘नागरिकांना आपापल्या विभागात कोंडले जाणार’ असा अर्थ लावला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे मोठी निदर्शने झाली. मोरेनो यांना जीवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या वाहतूकमंत्र्यांनीही, लोकांनी दुकानात किती वेळा जावे हे स्थानिक परिषदा ठरवतील अशी भीती, पक्षाच्या अधिवेशनात बोलून दाखविली.

येथेही सरमिसळ तीच आहे. मोटारींवर निर्बंध येणार, कॅमेरे बसणार आणि दंड होणार, हे खरे होते. त्याविषयी व्यापारी व वाहनचालकांनी हरकत घेणे लोकशाहीला धरूनच होते. कोंडून ठेवण्याची योजना मात्र कोणत्याही कागदात नव्हती.

कोल्हापूरातील प्रकरणे

कोल्हापूर हे नागरी प्रश्नांवर रस्त्यावर उतरणाऱ्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. १८५४ मध्ये नगरपालिका आणि १९७२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराचे क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५,४९,२३६ होती. केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानातील शंभर शहरांत कोल्हापूरचा समावेश नव्हता. तरीही येथील नागरी नवोपक्रमांची आणि त्यांभोवतीच्या संशयाची यादी मोठी आहे. पुढे चार प्रकरणांचा विचार केला आहे.

(अ) रस्ते प्रकल्प व टोल : तपासला गेलेला संशय

शहरांतर्गत सुमारे ५० किलोमीटर लांबीचे रस्ते ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ या तत्त्वावर विकसित करण्याचा सुमारे २२० कोटी रुपयांचा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला. महानगरपालिका, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी समूहाची कंपनी असे तीन पक्ष त्यात होते. पालिकेच्या तिजोरीवर भार न टाकता रस्ते मिळावेत आणि खर्च ३० वर्षांच्या टोलमधून वसूल व्हावा, असे त्याचे स्वरूप होते. शहराच्या अंतर्गत रस्त्यांसाठी अशी व्यवस्था करणे हा त्या काळी मोठा आर्थिक नवोपक्रमच होता.

नागरिकांच्या मनात संशय आला तो करारातील अटींविषयी. आपल्याच शहरात ये-जा करण्यासाठी तीस वर्षे पैसे का द्यावेत, कामाचे मूल्य खरोखर तेवढे आहे का, दर्जा करारानुसार आहे का, टेंबलाईवाडी येथील जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कोणत्या हिशोबाने दिली, असे प्रश्न पुढे आले. प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे आदींच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती उभी राहिली. ऑक्टोबर २०१३ मध्ये टोलवसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये टोलनाक्यांची मोडतोड व जाळपोळ झाली, प्रकरण उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात गेले, कामांचे फेरमूल्यांकन झाले आणि अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राज्य शासनाने टोल रद्द करण्याची घोषणा केली. कंपनीची भरपाई शासनाने देण्याचे ठरले.

या आंदोलनात हिंसक प्रसंग घडले आणि अतिशयोक्तीही झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याचा कणा कागदाचा होता. कराराची प्रत मिळविणे, त्यातील कलमे सभांतून वाचून दाखविणे, किलोमीटर मोजणे, मूल्यांकनाची मागणी करणे, न्यायालयात जाणे, ही सर्व तपासणीची साधने होत. फेरमूल्यांकनातून कंपनीची बाजू खरी ठरली असती तर तो संशय उघडपणे पराभूत झाला असता. हे जोखीम पत्करणे हीच रास्त संशयाची खूण होय. विशेष म्हणजे, टोल रद्द झाल्यावर हा संशयही शमला. षड्यंत्र-सिद्धांत मागणी मान्य झाल्यावर शमत नाही. तो पुढचा शत्रू शोधतो.

(आ) स्मार्ट वीजमीटर : तपासणीची सोय असलेला संशय

केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतून राज्यात स्मार्ट मीटर बसविण्याचा कार्यक्रम आला. कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद झाली तर दिवसा मिळणारी सौरऊर्जा अधिक वापरता येते आणि सायंकाळच्या उच्च मागणीचा भार कमी करता येतो, हा त्यामागील शाश्वततेचा विचार आहे. राज्यभर त्याला विरोध झाला. जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना आगाऊ पैसे भरण्याचे स्मार्ट मीटर बसविणार नसल्याचे तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केले. पुढे वापरानंतर देयक येणारे, वेळनिहाय नोंद करणारे मीटर बसू लागले. त्यामुळे ‘नाव बदलून तेच आणले’ ही भावना दृढ झाली.

या विरोधाचे दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. इचलकरंजी येथून काम करणाऱ्या महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेसारख्या संघटनांनी मीटरची किंमत, निविदांतील दर आणि तो भार अखेर कोणावर पडणार यांवर आकड्यांनिशी आक्षेप घेतले. दुसरा प्रवाह ‘मीटर मुद्दाम वेगाने फिरवला जातो’, ‘घरातील हालचालींवर पाळत ठेवली जाते’ असे सांगणारा आहे. यांपैकी वेगाचा आरोप निव्वळ तर्काने खोडण्याची गरज नाही, कारण तो मोजता येतो. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, नोंदीविषयी तक्रार आल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने दोन्ही नोंदी ताडून पाहावयाच्या आहेत. जुना आणि नवा मीटर शेजारी लावणे हे हजार निवेदनांपेक्षा प्रभावी उत्तर आहे. दुर्दैव असे की या तरतुदीची माहिती किती ग्राहकांपर्यंत पोहोचली, हा प्रश्नच आहे. तपासणीचा हक्क आहे पण तो ठाऊक नाही, अशा स्थितीत संशय अफवेकडे वळतो.

(इ) गणेशमूर्तींचे विसर्जन : अर्धे सत्य आणि पूर्ण निष्कर्ष

पंचगंगा नदी व रंकाळा तलाव यांचे प्रदूषण कमी व्हावे म्हणून मूर्तिदान, विसर्जन कुंड आणि इराणी खणीतील विसर्जन हे पर्याय शहरात रुजले. बहुसंख्य कुटुंबांनी व मंडळांनी ते स्वीकारले. तथापि, हा उपक्रम विशिष्ट धर्माच्या सणांना संपविण्याचा डाव आहे, असाही प्रचार झाला.

या प्रचाराचा प्रारंभबिंदू असत्य नाही. नदीच्या प्रदूषणात वर्षभर वाहणारे घरगुती सांडपाणी व औद्योगिक सांडपाणी यांचा वाटा मोठा आहे. जयंती नाल्याचे सांडपाणी अनेक वर्षे थेट नदीत मिसळत होते. कसबा बावडा येथे ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळी येथे १७ दशलक्ष लिटर दैनिक क्षमतेची केंद्रे उभारावी लागली ती त्यामुळेच. ‘नाला वर्षभर चालतो, मग एका दिवसाच्या विसर्जनावरच बोट का?’ हा प्रश्न रास्त आहे. परंतु या प्रश्नातून निघणारा तर्कसंगत निष्कर्ष ‘नालाही अडवा’ असा आहे. ‘म्हणून विसर्जनाचा पर्याय हा कट आहे’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अर्ध्या सत्याच्या पायावर उभा केलेला पूर्ण निष्कर्ष, ही षड्यंत्र-सिद्धांताची नेहमीची रचना आहे आणि त्या अर्ध्या सत्याला उत्तर दिल्याशिवाय ती कोसळत नाही. सांडपाण्याच्या प्रक्रियेची रोजची आकडेवारी लोकांसमोर ठेवणे, हाच विसर्जनाच्या उपक्रमाचा सर्वांत चांगला बचाव ठरेल.

(ई) महापूर आणि अलमट्टी : ज्यावर शहराचे भवितव्य अवलंबून आहे

वरील तीन प्रकरणांपेक्षा हे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आणि अधिक गंभीर आहे. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन वर्षी कोल्हापूर व सांगली परिसराने महापूर अनुभवला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. प्रत्येक महापुरानंतर कर्नाटकातील अलमट्टी धरणाकडे बोट दाखविले गेले.

या समजुतीला निव्वळ कल्पनाविलास म्हणता येत नाही. धरणाच्या जलाशयाचा फुगवटा वरच्या बाजूस नदीचा वेग मंद करतो, हे जलशास्त्राला मान्य आहे. नृसिंहवाडी येथील संगमावर कृष्णेला पूर असेल तर पंचगंगेचे पाणी तुंबते, हे शिरोळ तालुक्यातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. तेव्हा ‘पाणी खाली अडले म्हणून वर चढले’ हा अनुभव खरा आहे. तो अलमट्टीपर्यंत ताणता येतो का, हा खरा प्रश्न आहे. अलमट्टी कोल्हापूरपासून नदीमार्गे २०० किलोमीटरहून अधिक खाली आहे. तिची पूर्ण संचय पातळी ५१९.६ मीटर, तर राजाराम बंधाऱ्यावरील धोका पातळी समुद्रसपाटीपासून ५४० मीटरच्या वर आहे. मध्ये हिप्परगी बंधाराही आहे. २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात, या पुराला अलमट्टी व हिप्परगी थेट जबाबदार असल्याचे मान्य केले नाही. अल्पकाळात झालेला अतिरेकी पाऊस आणि पूरप्रवण क्षेत्रातील अडथळे व अतिक्रमणे यांकडे तिने लक्ष वेधले.

हा निष्कर्ष सर्वांना मान्य झालेला नाही. सांगली परिसरातील जाणकारांनी त्यातील गृहीतकांवर आक्षेप घेतले. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये अलमट्टीची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास संमती दिली असून, त्या वाढीला महाराष्ट्राने विरोध केला आहे. वाढीव उंचीच्या परिणामांचा अभ्यास रुरकी येथील राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आला. ५१९.६ मीटरवर जे घडले नाही ते आणखी साडेचार मीटर वाढल्यावर घडेल काय, साचणाऱ्या गाळाने चित्र बदलेल काय, हे प्रश्न खुले आहेत आणि ते विचारणारा माणूस षड्यंत्रवादी ठरत नाही.

परंतु हाच संशय ‘महापूर शेजारच्या राज्याने मुद्दाम आणला’ या वाक्यात बदलला की त्याचे कार्य बदलते. महापुराला अनेक कर्ते असतात. पूररेषेच्या आत टाकलेला मातीचा भराव, ओढ्यावर उभी राहिलेली इमारत, पाण्याला वाट न ठेवता बांधलेला रस्त्याचा भराव, धरणांतून पाणी सोडण्याच्या वेळेचा अंदाज, आणि बदलत्या हवामानात काही दिवसांत कोसळणारा पाऊस, यांपैकी कोणीही एकट्याने पूर आणला नाही आणि कोणीही तो योजलेला नाही. पॉपर यांनी सांगितलेले ‘न योजलेले परिणाम’ ते हेच. एकच दूरचा कर्ता सापडला की जवळचे सर्व कर्ते निर्दोष सुटतात. सुमारे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठीची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठीची लाल रेषा नकाशावर राहते आणि तिच्या आतील बांधकाम जमिनीवर राहते. अलमट्टीवरील चर्चा जितकी मोठी, तितकी पूररेषेवरील चर्चा लहान होते. षड्यंत्र-सिद्धांताची किंमत येथे पुढच्या पावसाळ्यात मोजावी लागते.

संशयाची कारणमीमांसा

वरील प्रकरणांवरून संशय बळावण्याची तीन कारणे दिसतात. पहिले, निर्णयाची कागदपत्रे लोकांपर्यंत उशिरा पोहोचतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार स्वतःहून प्रकट करावयाची माहितीही बहुधा अर्ज केल्यावरच मिळते. दुसरे, विचारण्याची जागा आक्रसते. नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यावर कोल्हापूर महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाकडे गेला आणि पुढील पाच वर्षे निवडणूक झाली नाही. प्रभागातील माणसाने प्रश्न कोणाला विचारावा हेच स्पष्ट नसेल तर उत्तर तो इतरत्र शोधतो. तिसरे, पूर्वानुभव. हद्दवाढीचा प्रश्न याचे उदाहरण आहे. शहरालगतच्या गावांना घरफाळा वाढेल, जमिनींवर आरक्षणे पडतील आणि सुविधा मात्र मिळणार नाहीत असे वाटत आले. चार दशकांहून अधिक काळ हद्द वाढू शकली नाही आणि २०१७ मध्ये ४२ गावांसाठी क्षेत्र विकास प्राधिकरणाचा मध्यममार्ग काढावा लागला. शहरातीलच उपनगरांची अवस्था पाहून गावकऱ्यांनी काढलेले अनुमान चूक असू शकेल, पण ते निराधार म्हणता येणार नाही.

भेद ओळखण्याचे निकष

उपरोक्त विवेचनावरून पुढील चार निकष मांडता येतात.

१. विशिष्टता : आरोप कोणी, कोणत्या कराराच्या कोणत्या कलमान्वये, किती रकमेचा, असा नेमका आहे की ‘ते लोक’, ‘वरून’, ‘सगळे मिळून’ असा सर्वव्यापी आहे?

२. पराभवाची शक्यता : कोणता पुरावा समोर आल्यास आपण हा आरोप मागे घेऊ, हे आरोप करणारा सांगू शकतो काय?

३. गुप्ततेचा आकार : आरोप खरा असण्यासाठी किती माणसांनी किती काळ मौन पाळणे आवश्यक आहे? एका निविदेतील संगनमताला मूठभर माणसे पुरतात. जगभरच्या शहरांना कोंडून ठेवण्याच्या कटाला लाखो लागतील.

४. मागणीचे स्वरूप : आरोपातून कागद, मोजणी, चौकशी यांची मागणी निघते की केवळ शत्रूचे नाव निघते?

टोलविरोधी आंदोलन या चारही निकषांवर उतरते. ऑक्सफर्डमधील कोंडवाड्याची कल्पना एकाही निकषावर उतरत नाही. अलमट्टीविषयीची धारणा मांडणीनुसार दोन्ही बाजूंना जाऊ शकते, आणि म्हणूनच वर्गातील चर्चेसाठी ती सर्वांत उपयुक्त आहे.

महाविद्यालयांची भूमिका

या विषयात महाविद्यालयांना करण्यासारखे पुष्कळ आहे. भूगोल विभागाने आपल्या परिसरातील पूररेषा व प्रत्यक्ष बांधकामे यांचा नकाशा विद्यार्थ्यांकडून तयार करून घेणे, वाणिज्य विभागाने एखाद्या सार्वजनिक कराराचे वाचन प्रकल्पकार्य म्हणून देणे, रसायनशास्त्र विभागाने विसर्जनापूर्वी, विसर्जनानंतर आणि ऐन उन्हाळ्यात अशा तिन्ही वेळी पाण्याचे नमुने तपासणे, राज्यशास्त्र विभागाने माहिती अधिकाराचा अर्ज लिहिण्याचा सराव देणे, हे सर्व उपलब्ध साधनांत शक्य आहे. अशा कामातून विद्यार्थ्याला ‘विश्वास ठेव’ किंवा ‘विश्वास ठेवू नकोस’ असा उपदेश करावा लागत नाही. त्याच्या हातात मोजपट्टी येते.

निष्कर्ष

शाश्वत नागरी नवोपक्रमांना असलेला विरोध सरसकट अज्ञानमूलक मानणे ही चूक १८९७ मध्ये झाली होती आणि ती आजही होते. कोल्हापूरचा अनुभव असे दाखवितो की संशयाला कागद मिळाला तर त्याचा प्रश्न होतो, आणि कागद मिळाला नाही तर त्याची कथा होते. प्रश्नाला उत्तर देता येते, कथेला देता येत नाही. म्हणून प्रत्येक नव्या योजनेबरोबर तिचा करार, तिचा हिशोब आणि तिच्या पडताळणीची पद्धत प्रारंभीच लोकांसमोर ठेवणे, हा योजनेचाच एक भाग मानला पाहिजे. नागरिकांनीही आपल्या संशयाला मोजणीची शिस्त लावली पाहिजे. पंचगंगेचे पाणी पुन्हा चढेल तेव्हा ते कोणाचा सिद्धांत बरोबर होता हे पाहून चढणार नाही. पूररेषेच्या आत काय उभे आहे, तेवढेच तेव्हा महत्त्वाचे ठरेल.